पांढरीवरचे चौकोन

१

एकदा वस्ती झालेला चौकोन पुन्हा पडीक होत नाही. हा नियम आहे आणि नियमाला प्रश्न विचारायचा नसतो, असं सरांनी मला भूगोल विभागातल्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

मी विचारलाच. धरणाखाली गेलेली गावं, पाण्यावाचून ओस पडलेली गावठाणं आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतात. मग वस्ती पडीक का होऊ शकत नाही? सरांनी पडद्यावरून नजर न काढता सांगितलं, की शहर वाढतं, आटत नाही, सगळे हेच धरून चालतात आणि तुम्ही आधी काम शिका. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. उत्तर नसलं की वय पुढं करतात.

काम सांगायला सोपं आहे. उपग्रहानं टिपलेल्या जमिनीचे बारीक चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोन एक तर वस्ती, नाही तर पडीक. पिकाखालचं रानसुद्धा आमच्या लेखी पडीकच. हे मी घरी सांगितलं तेव्हा चुलत्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. मग संगणकातलं मॉडेल एकेका चौकोनाला विचारतं: तुझ्या शेजारी वस्ती किती, रस्ता किती लांब, उतार किती? त्यावरून तो पुढच्या वर्षी भरेल की नाही हे ठरतं. असं वर्षामागून वर्ष पुढं जायचं. जुन्या चित्रापासून निघून आजचं गाव बरोबर उमटलं, तर त्याच्या उद्यावर विश्वास ठेवायचा.

माझा पट्टा जालना ते बदनापूर. रूळ, हमरस्ता, कारखान्यांची धुराडी आणि मधल्या रानात देवांच्या नावानं उभ्या राहिलेल्या प्लॉटिंगच्या कमानी. आमची वाडी त्यातच येते, बदनापूरहून थोडी आत. मी तिथूनच रोज रेल्वेनं विभागात जाते. आम्ही मूळचे मेंढरांमागं फिरणारे. आता शेती आहे. मेंढरं फक्त आसराआत्यानं राखलीत. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली. वडिलांना आम्ही बापू म्हणतो. त्यांचं नाव सुग्रीव, पण घरात शब्द चालतो तो माझ्या चुलत्यांचा, म्हस्कूतात्यांचा.

या नकाशाकडं सरांचेही डोळे लागले होते आणि तात्यांचेही. पट्ट्याचा विकास आराखडा करणाऱ्या मंडळींना आमचा विभाग हाच नकाशा देणार होता. त्यावर सरांची सही झाली की माझा प्रबंध मार्गी लागणार होता. आणि तात्यांना वाडीमागची पांढरी प्लॉट पाडायला हवी होती. नकाशात ती पडीक निघाली की परवानगीचं काम सोपं. तशी ती पडीकच तर होती.

२

पांढरी म्हणजे उठून गेलेल्या जुन्या गावाची जागा. भोवती काळं रान आणि मधे हा राखेच्या रंगाचा उंचवटा. कोणतं गाव, कधी उठलं, का उठलं, हे आमच्याकडं कुणाला माहीत नाही. आणि आपल्याला माहीत नाही असं कबूल करायची आमच्या घरात पद्धत नाही. पूर्वी धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांवर टाकायला तिथली माती आणायचे, कारण ती पाणी धरत नाही. आता वाडीत सगळीकडं स्लॅब झालेत.

मॉडेल पहिल्यांदा चालवलं तेव्हा पांढरी वस्ती म्हणून उमटली. मला हसू आलं. ही चूक आमच्या कामात नेहमीची. कोरडी पांढरी माती वरून बघितली तर धाब्यासारखी किंवा पत्र्यासारखी चकाकते आणि उपग्रह फसतो. मी हातानं ते चौकोन पडीक केले आणि पुन्हा चालवलं.

पांढरी पुन्हा भरली. पण कडेनं नाही, मधून. वस्ती नेहमी शेजाऱ्याचा हात धरून वाढते; इथं शेजारी कुणीच नव्हतं. मॉडेलमधे थोडी घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठंही उगवायची सोय असते. तसं झालं असेल म्हणून मी चिठ्ठ्या बदलल्या. बाकी पट्ट्यातली चुकार घरं दर वेळी जागा बदलत होती. पांढरी काही हलत नव्हती. शेजारच्या टेबलावरची तृप्ती म्हणाली, उतार चुकला असेल तुझा. उतार तपासला. बरोबर होता. रस्ता तपासला. तिथं रस्ताच नव्हता.

मग मी वाडीपुरतं ड्रोनचं चित्र घेतलं आणि चौकोन अगदी बारीक केले, पाऊलभराचे. दुपार होती, जेवणाची सुट्टी, खोलीत पंख्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. पडद्यावर वर्षं पुढं सरकू लागली आणि पांढरीवर चौकोन भरू लागले. भरताना काही जागा मोकळ्या राहत होत्या. मोकळ्या जागा एकमेकींना जाऊन मिळाल्या. मला कळलं की मी बोळ बघतेय.

एक मोठा बोळ, बैलगाडी वळावी तसा वळलेला. त्याला फुटलेले लहान बोळ. एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून बसलेली घरं. मधे एक चौक. कुठंही सरळ रेघ नाही, आणि तरी एकही घर दुसऱ्याच्या दाराआड आलेलं नाही. असं गाव कुणी आखत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सांभाळून घेतल्यावर ते होतं. माझ्या मॉडेलला बोळ म्हणजे काय ते माहीत नाही. दार माहीत नाही. त्याला फक्त भरलेलं आणि रिकामं एवढंच कळतं.

तृप्ती डबा धुऊन परत आली तेव्हा मी अजून तशीच बसले होते. काय गं, रडून राह्यली काय, असं तिनं विचारलं. मी रडत नव्हते. पण इतकं नीटनेटकं काही मी आधी पाहिलं नव्हतं.

३

शंकेचा चौकोन जमिनीवर जाऊन बघायचा असतो. रविवारी सकाळी मी आसराआत्याबरोबर निघाले. हरभरा घाट्यावर आला होता, ज्वारी कमरेच्या वर. आत्या पुढं, मेंढरं मधे, मी मागं.

काळ्या रानात मेंढरं सांडलेल्या दाण्यांसारखी पसरली होती. पांढरी चढू लागल्याबरोबर त्यांची एक ओळ झाली. हे मी लहानपणापासून बघत आलेय. पण बघणं वेगळं आणि दिसणं वेगळं. पुढची मेंढी काही अंतर गेली आणि वळली. तिथं वळण्यासारखं काही नव्हतं. दगड नाही, बोरीचं झुडूप नाही. मागची मेंढी त्याच जागी वळली, तिच्यामागची त्याच जागी. अख्खा कळप त्या रिकाम्या कोपऱ्यावरून वळून गेला.

एक कोकरू मागं राहिलं होतं. त्याची आई समोरच होती, मधे उडी मारण्याएवढं अंतर. कोकरू तिच्याकडं तोंड करून ओरडत होतं. आईही ओरडत होती. पण ते सरळ गेलं नाही. सगळा वळसा घालून, कोपऱ्यावरून वळून, धापा टाकत तिच्याजवळ पोचलं.

मी आत्याला विचारलं, ही अशी का चालतात.

"मेंढरू हाय ते. पुढचं जातं तसं मागचं जातं."

"मंग पुढचं कामून असं जातं?"

"तू शिकली ना एवढी? पूस तिलाच."

मी माझा मोबाईल ओढणीनं पुढच्या मेंढीच्या गळ्यात बांधला आणि तिचा माग नोंदवायला लावला. आता मेंढरं बी मोबाईल बघून राह्यली, असं आत्या मेंढीला म्हणाली. मेंढीनं मान झटकली आणि चालू लागली.

सोमवारी तो माग मी मॉडेलच्या चित्रावर ठेवला. मेंढी मोठ्या बोळानं गेली होती. दुसऱ्या बोळात वळली होती. चौकात ती बराच वेळ उभी होती. सकाळभरच्या चरण्यात ती एकाही घरातून आरपार गेली नव्हती.

मी स्वतःला समजावलं. खाली जुन्या भिंतींचे पाये असतील. कुठं माती घट्ट, कुठं भुसभुशीत. मेंढरांच्या खुरांना ते कळत असेल. हे पटण्यासारखं होतं, आणि मी तेवढ्यावर एक रात्र झोपलेही. पण मेंढीला खुरं होती. मॉडेलला कुठं होती?

४

पुढच्या खेपेला मी पांढरीला बाहेरून फेरी मारली. उत्तरेच्या उतारावर माती नुकतीच काढलेली होती. कुदळीचा घाव ताजा, धार न मोडलेली, आणि खाली टोपली टेकवल्याचे गोल ठसे.

तात्या ओसरीवर बसले होते. मी विचारलं, सध्या पांढरीची माती कोण नेतंय?

"कोण नेतंय? समद्यांचे स्लॅब झाले. धाबं राह्यलंय कुणाचं?"

मी म्हटलं, ताजं खणलंय. ते म्हणाले, रानडुकरं असतील. रानडुकरं टोपली घेऊन येतात का, असं मी म्हटलं आणि बापूंनी मला डोळ्यांनी दाबलं. मग तात्यांनी आपल्या वडिलांच्या काळचं सांगितलं. माती कडेकडेनं घ्यायची, मधे कुदळ घालायची नाही, असा दंडक होता. का? तर होता. सांगता सांगता त्याच दमात ते म्हणाले, की संक्रांत झाली की जेसीबी लावायचा, उंचवटा सपाट करायचा, आणि तुझ्या सरांना एकदा घरी जेवायला बोलव.

"जेसीबी कडेकडेनंच चालणार का मग?"

"लई बोलून राह्यली तू. तुझा नकाशा कर, बाकी आम्ही बघतो."

आपणच सांगितलेला दंडक मोडताना यांना काही वाटत नाही. आम्ही मात्र का म्हणून विचारलं की तोंड वर झालं. मी आत गेले आणि भाकरीवर राग काढला. पण खरं सांगायचं तर तात्यांचा राग मला तितका आला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढं ते गोल ठसे होते. वाडीत धाबं राहिलं नव्हतं. मग ही माती कुणाच्या घरावर चालली होती?

५

बुधवारी मी विभागात गेले नाही. भर दुपारी एकटीच पांढरीवर चढले. मॉडेलचं चित्र मोबाईलमधे घेतलं होतं. मी जिथं पाय ठेवीन तिथं त्यावर निळा ठिपका सरकत होता. ऊन स्वच्छ होतं. लांबून बदनापूरकडं जाणाऱ्या मालगाडीचा आवाज येत होता. भीती वाटावी असं काही नव्हतं.

मोठ्या बोळाच्या तोंडाशी उभी राहिले आणि ठिपका बोळात ठेवून चालू लागले.

पहिल्या वळणावर मालगाडी ऐकू येईनाशी झाली. मी मागं सरकले. गाडी चालूच होती. पुढं पाऊल टाकलं, बंद. दार लोटून घेतल्यावर बाहेरचा आवाज जसा एकदम विटांमागं जातो, तसा. मी हे बऱ्याचदा करून बघितलं, कारण माझ्या हातात दुसरं काहीच नव्हतं. दर वेळी तेच झालं.

पुढं गेले. वारा होता, ज्वारीची पानं हलताना मला दिसत होती. अंगाला लागत नव्हता. मी हात लांब केला. कोपरापर्यंत ऊन, कोपरापुढं सावली. सावलीला सरळ धार होती, भिंतीच्या सावलीला असते तशी. तिला पडायला भिंत नव्हती. हाताची ती बाजू गार झाली आणि मला ओल्या मातीचा वास आला, नुकत्याच सारवलेल्या घरात येतो तो.

मी तेव्हा पळायला हवं होतं, असं तृप्ती नंतर म्हणाली. पळावंसं वाटलंच नाही. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून मी चपला हातात घेतल्या. कुणाची दुपारची झोप मोडेल असं वाटलं.

ठिपका चौकात आला. तिथं मी उभी राहिले. आवाज आला तो डोक्यावरून. धप. थांबून, धप. माणूसभर उंचीच्याही वरून, पण आभाळातून नव्हे. धाब्यावर नवी माती टाकली की ती बसवायला वरून ठोकून चोपतात, तो आवाज. मी तो आयुष्यात कधी ऐकला नव्हता. माझ्या जन्माआधीच आमचा स्लॅब झालेला. तरी तो काय आहे हे मला कळलं. प्रत्येक धप्‌बरोबर बारीक माती माझ्या केसांवर पडत होती.

मग माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, हात पुढं केला तर लागतील एवढ्या अंतरावर, दोन टाचा दिसल्या. बाईच्या. भेगांत पांढरी माती भरलेल्या. एक टाच वर गेली, दुसरी तिच्या वर. डोक्यावर ओझं असलं की पाऊल कसं आधी चाचपून मग टेकतं, तसं. शिडी नव्हती. टाचांच्या वर लुगड्याचा ओला काठ होता, त्याच्या वर ऊन होतं, आणि काही नव्हतं. दोन पायऱ्या चढून त्या टाचा न दिसणाऱ्या धाब्याच्या कडेआड गेल्या, आणि वर कुणीतरी ओझं खाली ठेवलं.

किती वेळ मी तिथं होते ते सांगता येणार नाही. मला भीती वाटली, पण ती लहान होती. जे वाटलं ते तिच्याहून फार मोठं होतं. आपण ज्याला मेलं म्हणतो ते आपल्या पाठीमागं निवांत कामाला लागलेलं असावं, पावसाळ्याची तयारी करत असावं. आणि आपण संक्रांतीनंतर तिथं जेसीबी आणणार.

खाली आले. केस झटकले तेव्हा ओसरीवर पांढरी माती पडली. आत्यानं ती झाडली आणि कुठं लोळून आली म्हणून विचारलं.

६

सरांना मी टाचा सांगितल्या नाहीत. चित्र दाखवलं. मेंढीचा माग दाखवला. मग मॉडेल पुढच्या वर्षांत चालवून दाखवलं. पांढरीवरचे बोळ उतरून काळ्या रानात येत होते, वाडीला भिडत होते. आमचं एकही घर त्यांनी मोडलं नाही. आमच्या घरांना सांभाळून, वळसे घेत ते मधे शिरले. शेवटी शेवटी त्यांची घरं कोणती आणि आमची कोणती ते माझं मलाच ओळखू येईना. आमच्या घरामागं कडब्याची गंजी असते, तिथून एक बोळ गेला होता.

सर पडद्याजवळ वाकले. ते वाईट माणूस नाहीत. चांगलं आलंय, असं त्यांच्या तोंडून अर्धवट निघालं. मग ते भानावर आले आणि म्हणाले, की ही सगळी गडबड आहे; ते चौकोन पडीक करा आणि बंद करून टाका. बंद करणं म्हणजे मॉडेलनं तिकडं बघायचंच नाही. तिथं कधीही काही उगवणार नाही. त्याचाच पक्का नकाशा आराखड्यात जाणार.

मी म्हटलं, जागेवर तपासणी मी केलीय. तिथं वस्ती आहे.

सरांनी विचारलं, कुणाची? मी पुन्हा मेंढीच्या मागावर बोट ठेवलं. मग ते म्हणाले, शुक्रवारी मी स्वतः येतो. एका उंचवट्यापायी सगळा प्रबंध अडवून धरायचा का?

७

सर आले तेव्हा तात्यांनी नवी टोपी घातली होती. सर आणि तात्या यांचं चहा होईपर्यंत जुळलं. एकानं शहर आटत नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं बराबर बोलले म्हणून मान हलवली. आजकालची पोरं, यावर दोघांचंही एकमत झालं. बापू नेहमीप्रमाणे कडेला बसून तंबाखू मळत होते.

दहाच्या उन्हात आम्ही पांढरीवर गेलो. मी भराभर पुढं झाले आणि चौकात जाऊन उभी राहिले. तिघं बोलत बोलत मागून चढत होते. आत्या खाली मेंढरांजवळ थांबली होती.

मी हाक मारली, "सर, मी इथं आहे. सरळ या."

सर निघाले. थोडं चालले आणि डावीकडं वळले. तात्या हातवारे करत, रस्ता कुठून काढणार ते सांगत त्यांच्यामागं वळले. बापू त्यांच्यामागं. वळताना तिघांनीही खांदा थोडा आत घेतला, अरुंद जागेत घेतो तसा. समोरून येणाऱ्या कुणाला वाट द्यावी तसे सर मधेच अंग चोरून उभे राहिले आणि पुन्हा चालू लागले. त्यांचं बोलणं थांबलं नव्हतं.

"सर, सरळ या," मी पुन्हा म्हटलं.

"सरळच तर येतोय," सर त्रासून म्हणाले, आणि उजवीकडं वळले.

मी त्या तिघा मोठ्या माणसांना माझ्या चित्रातल्या बोळांतून येताना बघत होते, आणि त्यांना ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही सगळेच इथं असे चालत आलो होतो.

ते पोचले. सरांनी कपाळ पुसलं, भोवती बघितलं आणि आपलं समाधान झाल्यासारखं म्हणाले, की इथं काही नाही. तपासणीची नोंद टॅबवर करायची असते, जागेवर उभं राहून, आणि ती तपासणाऱ्यानंच करायची असते. म्हणजे मी. सरांनी टॅब माझ्यापुढं धरला. वस्ती, पडीक. दोनच खुणा.

"पडीक करा," सर म्हणाले, "आणि प्रबंध घेऊन जा. सोमवारी सही करतो."

"कर, बाई," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज गोड होता. "घरच्याच कामाला आडवी येती का? एवढं शिकवलं ते कशापायी?"

मी बापूंकडं बघितलं. त्यांनी तंबाखूची चिमूट गालात धरली होती आणि ते जमिनीकडं बघत होते.

मला वाटलं होतं की मी ओरडेन. घरात मी नेहमी ओरडूनच बोलते. पण तिथं माझा आवाज आपोआप खाली आला.

"मी पडीक करणार नाही."

तात्यांचा गोडपणा गेला. मोठ्यांसमोर असं बोलायला कुणी शिकवलं, उद्यापासून रेल्वे बंद, हिच्या बापाला तोंड नाही म्हणून हे दिवस आले, असं बरंच काही ते बोलले. सर शांतपणे म्हणाले, की मग सही होणार नाही, आणि याचा अर्थ तुम्हाला समजतो ना?

"समजतो. नका करू सही. तात्या, तुम्ही जेसीबी आणा, मी इथं येऊन बसते. वस्ती लिहिलं तर तुम्ही मला वेडी म्हणाल, म्हणा. पण इथं कुणी नाही असं माझ्या हातानं मी लिहिणार नाही. तपासायला तुम्हीही आलात, तुम्ही लिहा, सर. तुमचा हात चालत असेल तर आत्ता लिहा."

मी टॅब त्यांच्याकडं वळवला.

सरांनी बोट पुढं केलं. ते काचेच्या वर राहिलं. तात्या काहीतरी बोलायला गेले आणि त्यांनी तोंड मिटलं. वारा ज्वारीत होता, आमच्यात नव्हता.

बापूंचं तोंड तंबाखूनं भरून आलं होतं. रानात असते तर त्यांनी मान वळवून सरळ पिंक टाकली असती. ते इकडं बघत होते, तिकडं बघत होते, दुसऱ्याच्या घरात उभा राहिलेला माणूस मोरी कुठंय ते शोधतो तसे. मग त्यांनी ती गिळली, आणि तसेच उभे राहिले.